'फॉन्ड' म्हणजे प्रेमळ की खुळा?

पडद्यामागची:

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी नाट्यवाचन गटासाठी मी सध्या शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधील एका प्रवेशाचे मराठी करीत आहे. चौथ्या अंकाच्या सातव्या प्रवेशात, डोव्हरजवळच्या फ्रेंच छावणीत, लिअर दीर्घ झोपेतून जागा होतो. समोर उभी असलेली स्त्री आपली धाकटी मुलगी कॉर्डेलियाच आहे की भास आहे, हे त्याला उमगत नाही, आणि त्या चाचपडण्यात तो स्वतःविषयी म्हणतो, 'आय ॲम अ व्हेरी फूलिश फॉन्ड ओल्ड मॅन.' मी त्याचे 'मी एक अगदी मूर्ख, प्रेमळ म्हातारा आहे' असे केले होते.

गेल्या रविवारी पहिले वाचन झाले. लिअर वाचणारे आमचे काका सत्तरीच्या पुढचे आहेत. ते ह्या ओळीवर थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अहो, ज्याने पहिल्याच अंकात ह्या मुलीला वाटा नाकारून घराबाहेर काढले, तो तिच्याच तोंडावर स्वतःला प्रेमळ कसा म्हणवून घेईल? हे माझ्या जिभेवर येत नाही." मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन शब्दकोश उघडला, तर 'फॉन्ड'समोर 'आवड असलेला, माया करणारा' असे ठळक अर्थ होते आणि अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, 'भाबडा, मूर्ख (जुना अर्थ)' असे लिहिलेले होते.

माझे प्रश्न दोन आहेत. एकाच शब्दात मूर्खपणा आणि माया कशी नांदते, आणि त्यांतील आधी कोण आले? आणि दुसरा, जो मला अधिक निकडीचा आहे: काकांच्या जिभेवर बसेल असा मराठी शब्द कोणता?

जुनी पाटी:

तुमच्या काकांचा कान तयार आहे. त्यांची शंका रास्त आहे, आणि तिला आधार प्रत्यक्ष नाटकातच सापडतो.

आज आपण 'फॉन्ड' हा शब्द 'मला आंबा आवडतो' इतक्या साध्या गोष्टीसाठी वापरतो, त्यामुळे तो जन्मतःच विशेषण असावा असे वाटते. मुळात ते धातुसाधित आहे. मध्ययुगीन इंग्रजीत 'फॉन' म्हणजे मूर्ख माणूस, आणि त्याच शब्दाचे क्रियापद म्हणजे मूर्खासारखे वागणे, अक्कल गहाण पडणे. त्या क्रियापदाला भूतकाळाचा प्रत्यय लागून 'फॉन्ड' झाले. मराठीत 'खुळावणे'पासून 'खुळावलेला' होतो, अगदी त्याच चालीने. चौदाव्या शतकातील इंग्रजी कवी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधील रीव्हच्या कथेत केंब्रिजचे दोन विद्यार्थी दळण घेऊन गिरणीवर जातात, लबाड गिरणीवाला त्यांचा घोडा सोडून देतो, आणि घोडा उधळल्यावर जॉन आपल्या सोबत्यावर खेकसतो की, तू तो कोठारात का बांधला नाहीस, तू 'फॉन' आहेस. तेथे मायेचा मागमूसही नाही, निव्वळ शिवी आहे. चॉसरने ह्या दोघांच्या तोंडी मुद्दाम उत्तर इंग्लंडची बोली घातली आहे, तेव्हा हा शब्द लंडनच्या वाचकाला गावरान वाटत असावा, असा माझा कयास आहे.

ह्याच काळातली, म्हणजे १३८०च्या आसपासची, आणखी एक नोंद मला फार आवडते. धर्मसुधारक जॉन विक्लिफच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी लेखनात 'मीठ जर फॉन्ड झाले, तर ते काही कामाचे नाही' अशा अर्थाचे वाक्य आहे. मीठ मूर्ख कसे होईल? ते अळणी होते. बायबलच्या मूळ ग्रीक वचनात, मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, मिठाने चव गमावण्यासाठी जे क्रियापद आहे, त्याचाही शब्दशः अर्थ 'मूर्ख बनणे' असाच होतो. लॅटिनमधील 'फॅट्युअस' ह्या शब्दालाही मूर्ख आणि बेचव असे दोन्ही अर्थ आहेत. बुद्धी आणि चव ह्यांची सांगड युरोपातील भाषांना फार जुनी आहे. आपणही एखाद्या वक्त्याला मिळमिळीत म्हणतोच, फक्त तेथून पुढे मूर्खपर्यंत जात नाही.

आता हा खुळा माणूस मायाळू कसा झाला? मला वाटते, मधला दुवा 'ज्याची अक्कल कोणाच्या तरी पायी गहाण पडली आहे तो' हा असावा. लेकराचे अवास्तव लाड करणारी आई, तरुण बायकोपुढे मान डोलावणारा म्हातारा, पाळलेल्या कुत्र्याला ताटात जेवू घालणारा धनी, हे सर्व बघणाऱ्याच्या लेखी मूर्ख आणि स्वतःच्या लेखी प्रेमात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शब्द नेमका ह्या उंबरठ्यावर उभा होता. सज्जात उभी असलेली ज्युलिएट रोमिओला म्हणते, मी फार 'फॉन्ड' आहे, आणि म्हणून माझे वागणे तुला उथळ वाटेल. तेथे 'मी फार प्रेमात आहे' आणि 'मी फार खुळी आहे' हे दोन्ही अर्थ एकाच श्वासात आहेत, त्यांतला कोणताही काढला तर वाक्य लंगडे होते. त्याच नाटकात फ्रायर लॉरेन्स रोमिओला 'फॉन्ड मॅड मॅन' म्हणतो, तेव्हा मात्र मायेचा अर्थ औषधालाही नाही.

'लिअर'मध्ये पाहा. पहिल्या अंकातील दुसऱ्या प्रवेशात एडमंडने रचलेल्या बनावट पत्रात म्हाताऱ्यांच्या जुलमाखाली राहण्याला 'आयडल अँड फॉन्ड बाँडेज' म्हटले आहे, म्हणजे निरर्थक आणि मूर्खपणाची गुलामी. चौथ्या प्रवेशात लिअर स्वतःच्या डोळ्यांवर चिडतो, त्यांना 'ओल्ड फॉन्ड आईज' म्हणतो आणि पुन्हा रडलात तर उपटून काढीन असे बजावतो. 'माझ्या प्रेमळ डोळ्यांनो, तुम्हांला उपटून काढतो' असे भाषांतर कोणी करणार नाही. तेव्हा चौथ्या अंकात हाच म्हातारा हाच शब्द स्वतःला लावतो, तेव्हा त्याच्या मनात खुळेपणाच पुढे आहे. माया आहे, पण ती ऐकणाऱ्या मुलीला कळते. तो स्वतः तिचा दावा करीत नाही. काकांना जे खटकले ते हेच.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात 'फॉन्ड'चा पहिला अर्थ अजूनही मूर्ख असाच आहे, आणि मायेचा जो अर्थ दिला आहे त्यालाही 'मूर्खपणाने हळवा' अशी शेपटी जोडलेली आहे. नंतर ती शेपटी गळून पडली. आजच्या इंग्रजीत जुना अर्थ 'फॉन्ड होप' ह्यासारख्या प्रयोगांत तेवढा तग धरून आहे, आणि त्याला मराठीत नेमका पर्याय आहे: वेडी आशा. मिल्टनच्या अंधत्वावरील सुनीतात 'आय फॉन्डली आस्क' असे येते. मी ते पस्तीस वर्षे वर्गात शिकवले, आणि दर वर्षी निम्मी मुले त्याचा अर्थ 'मी प्रेमाने विचारतो' असा लिहीत. दृष्टी काढून घेतल्यावरही देव दिवसभराच्या मजुरीची अपेक्षा करतो काय, असा तो प्रश्न आहे, आणि आपण हे विचारतो आहोत हाच खुळेपणा आहे, हे कवीला ठाऊक आहे.

जाता जाता: कुरवाळणे ह्या अर्थाचा 'फाँडल' हा शब्द ह्याच घरातला आहे. मजा ह्या अर्थाचा 'फन'ही बहुधा ह्याच 'फॉन'चा धाकटा भाऊ असावा, कारण सतराव्या शतकाच्या अखेरीस 'फन' करणे म्हणजे एखाद्याला मूर्ख बनवणे, फसवणे असा अर्थ होता. वितळलेल्या चीजचे 'फाँड्यू' आणि केकवरचे 'फाँडंट' मात्र फ्रेंच घराण्यातले, वितळणे ह्या अर्थाच्या शब्दापासून आलेले आहेत. त्यांचा आणि मायेचा काही संबंध नाही, दिसण्यावर जाऊ नये.

पंचगंगेकाठचा:

पाटीसरांनी 'खुळावलेला' म्हटले आणि मला राहवले नाही. आमच्या कोल्हापुरात ह्या शब्दाचा संपूर्ण इतिहास एका उद्गारात उभा आहे: नादखुळा. मूळ अर्थ पाहिला तर नादापायी खुळा झालेला माणूस, म्हणजे कुस्तीच्या, बैलांच्या, नाहीतर चित्रपटाच्या नादाने काम-धंदा सोडून हिंडणारा. माझे आजोबा हा शब्द कपाळाला आठ्या घालूनच उच्चारत. आज तांबड्या रश्श्याचा पहिला घोट घेतला की माणूस 'नादखुळा!' म्हणतो, आणि ती रश्श्याला मिळालेली सर्वोच्च पदवी असते. दोष देणारा शब्द दोन पिढ्यांत कौतुकाचा झालेला मी स्वतः पाहिला आहे, तेव्हा इंग्रजांना त्यासाठी दोन-अडीचशे वर्षे लागली ह्याचेच मला नवल वाटते.

आणखी एक. सरांनी 'फन'चा मूळ अर्थ एखाद्याला मूर्ख बनवणे असा सांगितला. आपल्याकडे 'वेडावणे' म्हणजे वेड लागणे, आणि 'वेडावून दाखवणे' म्हणजे तोंड वाकडे करून चिडवणे. एकाच शब्दातून स्वतःचे खुळे होणे आणि दुसऱ्याला खुळे ठरवणे हे दोन्ही निघाले. वाट तीच दिसते.

धातुरूपावली:

वरील चर्चा इंग्रजीपुरती ठेवली तर असे वाटेल की हा त्या भाषेचा एखादा लहरी अपघात आहे. तसे नाही. बुद्धी चळणे आणि जीव जडणे ह्यांना आपल्या भाषांनीही एकाच खुंटीला बांधलेले आहे.

'मुह्' हा संस्कृत धातू घ्या. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत, त्याचा अर्थ 'वैचित्त्य', म्हणजे चित्त ठिकाणावर नसणे, असा दिला आहे. ह्या एकाच धातूची, एकाच प्रत्ययाने, दोन भूतकालवाचक रूपे होतात: मूढ आणि मुग्ध. पाणिनीने आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात ह्या विकल्पाचे सूत्रच दिले आहे. व्याकरणदृष्ट्या दोन्ही समान, पण वापरात एक भाऊ वाया गेला आणि दुसऱ्याने नाव काढले. मूढ म्हटले की बेअक्कल, आणि मुग्ध म्हटले की निरागस, मोहक, किंवा गाणे ऐकून भान हरपलेला. संस्कृत काव्यातली मुग्धा नायिका म्हणजे ज्युलिएटच्या वयाची, प्रीतीच्या रीती न शिकलेली मुलगी. इंग्रजीने 'फॉन्ड' ह्या एका शब्दात जे दोन अर्थ एकामागून एक ठेवले, ते संस्कृतने दोन रूपांत वाटून दिले. आणखी गंमत अशी की त्याच सूत्रात 'मुह्'च्या शेजारी 'द्रुह्' आणि 'स्निह्' हे धातूही बसलेले आहेत. सूत्र केवळ ध्वनिबदलाचे आहे हे मला ठाऊक आहे, परंतु द्रोह, मोह आणि स्नेह एका पंक्तीला पाहून लिअरच्या तीन मुली आठवल्यावाचून राहत नाहीत.

दुसरा धातू 'लुभ्'. धातुपाठात तो दोनदा येतो, एकदा हाव सुटणे ह्या अर्थी आणि एकदा 'विमोहन', म्हणजे गोंधळून जाणे, ह्या अर्थी. त्याचा लोभ आपल्या परिचयाचा आहे. इंग्रजीतील 'लव्ह' आणि जर्मनमधील 'लीब' हे शब्द ह्याच धातूचे दूरचे आप्त आहेत, हे तौलनिक भाषाशास्त्रात सर्वमान्य आहे. संस्कृतात लोभ हा षड्रिपूंतला एक. मराठीने मात्र त्याला दोन घरे दिली. पोथीत तो शत्रू आहे, आणि पत्राच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा ही विनंती' असे लिहिताना तोच शब्द आपण समोरच्याकडून हात जोडून मागतो. आजीला पत्र लिहिताना लहानपणी मी ही ओळ यांत्रिकपणे लिहीत असे. तिच्यातला लोभ म्हणजे इंग्रजांचा 'लव्ह'च आहे, हे कळायला मला संस्कृतचे दुसरे वर्ष उजाडावे लागले.

तिसरे उदाहरण धागाकर्तीच्या पहिल्याच वाक्यात लपलेले आहे. तुम्ही तुमच्या गटाला 'हौशी' म्हटले आहे. हौस हा अरबी 'हवस'. अरबीत त्याचा अर्थ वेड, झपाटलेपण असा आहे, आणि हिंदी-उर्दूत तो घसरत घसरत वासनेपर्यंत गेला. मराठीत आल्यावर मात्र तो इतका सोज्वळ झाला की आपण डोहाळजेवणातही हौस करतो. हौसेला मोल नाही म्हणतात, तेव्हा त्यात थोडासा मूळ वेडेपणा शिल्लक आहेच, कारण मोल न विचारणे हे शहाण्याचे काम नव्हे.

म्हणून माझे मत असे की तुम्ही निःशंकपणे 'वेडा' वापरा. 'वेडी माया' हा शब्दप्रयोग प्रत्येक मराठी प्रेक्षकाला ठाऊक आहे. नाटकाचे वेड, मुलाने लावलेले वेड आणि आईने लेकीला लाडाने म्हटलेले 'वेडाबाई', एवढा सगळा पल्ला हा शब्द एकटा पेलतो. 'फॉन्ड'ला ह्याहून जवळचा शब्द मला दिसत नाही.

समासातली नोंद:

धातुरूपावली यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि त्यातले बहुतेक सारे मान्य आहे, पण शेवटच्या शिफारशीशी मी सहमत नाही. शब्द म्हणून 'वेडा' हा 'फॉन्ड'चा उत्तम पर्याय आहे, ह्या ओळीत मात्र तो चालणार नाही.

कृपया पुढच्या तीन ओळी पाहा. लिअर आधी आपण मूर्ख, 'फॉन्ड' म्हातारा असल्याचे सांगतो, मग आपले वय सांगतो, ऐंशीच्या वर, एक घटका कमी नाही की जास्त नाही, आणि त्यानंतर, 'खरे सांगायचे तर' अशी प्रस्तावना करून, आपली बुद्धी पुरती ठिकाणावर नसल्याची भीती व्यक्त करतो. ही चढण फार जपून रचलेली आहे. मूर्खपणाची कबुली सोपी आहे, ती तो लगेच देतो. वेड लागल्याची कबुली अवघड आहे, म्हणून तिच्यापूर्वी तो वयाच्या हिशेबात थोडा वेळ रेंगाळतो. नाटकभर त्याला धास्ती आहे ती वेडाचीच. पहिल्याच अंकात 'मला वेड लागू देऊ नकोस' अशी तो आकाशाकडे याचना करतो. पहिल्या ओळीतच तुम्ही 'वेडा' म्हणून टाकलेत, तर चौथ्या ओळीला सांगायला काही उरत नाही, आणि प्रेक्षकाला वाटेल की म्हातारा तेच तेच बोलतो आहे.

'फॉन्ड' हा वेडेपणापेक्षा एक पायरी खालचा शब्द आहे. त्यात विकार नाही, अक्कलशून्यता आहे. त्याला आपल्याकडे खुळा, भाबडा, बावळा, भोळसट असे कितीतरी शब्द आहेत. थोरली मुलगी गॉनरिल ज्याला बापाचे 'डोटेज' म्हणते, तो म्हातारचळ तर आपल्याकडे तयारच आहे, आणि 'साठी बुद्धी नाठी' म्हणताना कोणाला भाषांतर करावे लागत नाही. पण मुलगी बापाचा म्हातारचळ काढते तेव्हा तो शब्द विखारी असतो. बापाने स्वतःसाठी निवडलेला शब्द त्याहून मऊ हवा.

आणखी एक गोष्ट भाषांतरकर्तीच्या उपयोगाची आहे. प्रवेशाच्या अगदी शेवटी लिअर म्हणतो, झाले गेले विसर आणि क्षमा कर, 'आय ॲम ओल्ड अँड फूलिश'. म्हणजे सुरुवातीला 'फूलिश फॉन्ड ओल्ड' असे तीन शब्द होते आणि शेवटी दोनच उरले, 'फॉन्ड' गळाला. ते का गळाले ह्यावर मी प्रबंध लिहिणार नाही, परंतु 'फूलिश'साठी जो शब्द पहिल्या ठिकाणी घ्याल, तोच शेवटीही आला पाहिजे, म्हणजे हे गळणे ऐकू येईल.

पंचगंगेकाठचा:

समासातली नोंद यांच्याशी सहमत. मात्र 'बावळा' नको. आमच्याकडे तो शब्द ऐकला की माणसाचा सदरा चुकीच्या गुंडीत अडकलेला डोळ्यांसमोर येतो. राजा आहे तो, राज्य गेले तरी.

धातुरूपावली:

'वेडा' मागे घेतो. पुढची ओळ मी उघडून पाहिली नव्हती, हा माझा आळस. 'भाबडा' मलाही पटतो. त्याच्या पोटात फसवला गेलेला माणूसही आहे, आणि थोरल्या दोघींनी लिअरला फसवलेच आहे.

पडद्यामागची:

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल संध्याकाळी मी काकांना तीन पर्याय कागदावर लिहून दिले आणि कोणता का ते न सांगता वाचायला सांगितले. 'मूर्ख, खुळा म्हातारा' त्यांनी वाचले आणि मान हलवली: दोन दगड एकापुढे एक ठेवल्यासारखे वाटते, म्हणाले. 'भोळाभाबडा म्हातारा' वाचताना ते स्वतःच हसले, कारण त्यात राजा एकदम गोष्टीतला शेतकरी झाला. तिसरा पर्याय 'मी एक खुळा म्हातारा आहे, अगदी भाबडा' असा होता. येथे मी विशेषणे फोडली आणि 'भाबडा' वाक्याच्या टोकाला नेला. तो वाचताना 'म्हातारा आहे'नंतर ते आपोआप थांबले, कॉर्डेलिया वाचणाऱ्या मुलीकडे पाहिले, आणि मग शेवटचे दोन शब्द जवळजवळ पुटपुटले. त्यांना थांबा असे मी कोठेही लिहिलेले नव्हते.

तोच ठेवला आहे. शेवटच्या ओळीत 'मी म्हातारा आहे, खुळा आहे' एवढेच येईल, 'भाबडा' येणार नाही. 'अगदी' हा शब्द मूळ ओळीत मूर्खपणाला जोडलेला आहे आणि मी तो भाबडेपणाकडे सरकवला आहे, ह्याची मला जाणीव आहे. समासातली नोंद यांची त्याला हरकत असल्यास शनिवारपर्यंत कळवावे, कारण रविवारी दुसरे वाचन आहे. कळावे, लोभ असावा.